एकाचे अनेक होताना : इनटेक मॅनिफोल्डचा इतिहास आणि निवडीचा प्रश्न

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन तऱ्हेची माणसं बुचकळ्यात पडली असतील. तत्त्वज्ञानाची व्याख्यानं ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, की हे सर आता गॅरेजमध्ये कुठे शिरले. आणि गाड्यांच्या नादी लागलेल्या तरुणांना वाटलं असेल, की आयुष्यभर कान्ट शिकवलेला माणूस आपल्याला मॅनिफोल्डबद्दल काय सांगणार. दोघांचीही शंका रास्त आहे. म्हणून आधी शब्दापासूनच सुरुवात करू.

मॅनिफोल्ड म्हणजे बहुविध, अनेकपदरी. कान्टचा ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ हा ग्रंथ १७८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंद्रियांकडून येणाऱ्या विस्कळीत सामग्रीला त्याने जो जर्मन शब्द वापरला, त्याचं इंग्रजी भाषांतर ‘मॅनिफोल्ड’ असंच करतात. कान्टचा प्रश्न असा, की या अनेकातून एक अनुभव कसा तयार होतो? इंजिनातल्या मॅनिफोल्डचा प्रश्न बरोबर उलटा आहे. बाहेरून येणारी हवा एक, आणि सिलिंडर चार, सहा, आठ. तेव्हा एकाचे अनेक कसे करायचे, आणि करताना प्रत्येकाला आपापला वाटा वेळेवर कसा पोचवायचा? शब्द एकच, प्रवास उलट दिशेचा. आणि गंमत अशी, की या दोन्ही प्रवासांच्या वाटेवर एकच माणूस उभा आहे. त्याच्याकडे आपण लवकरच येऊ.

आजचा प्रश्न नेमका मांडतो. एक गाडी आहे, रस्त्यावर चालणारी. तिच्या तीन लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाला मोठा टर्बो बसवून साधारण ७०० अश्वशक्ती काढायची आहे. कोणता इनटेक मॅनिफोल्ड घ्यावा? कंपनीचा मूळचा ठेवावा, की आखूड नळ्यांचा आणि मोठ्या पोटाचा, पत्रा वेल्ड करून केलेला घ्यावा? की प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असलेला? बाजारात सगळं मिळतं, आणि प्रत्येक विकणारा आपलाच माल सर्वोत्तम म्हणून सांगतो. माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. यातलं प्रत्येक रूप कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी घडवलं. ते ‘कशासाठी’ विसरून नुसतं रूप उचललं, की निवड चुकते.

पहिल्यांदा रचना समजून घेऊ. मॅनिफोल्डचे मुख्य भाग तीन. हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप, म्हणजे थ्रॉटल. त्यामागे हवेची एक कोठी, तिला प्लेनम म्हणतात. आणि कोठीतून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी स्वतंत्र नळी, म्हणजे रनर. झालं, एवढंच. आपल्या ७०० अश्वशक्तीच्या इंजिनाला दर सेकंदाला सुमारे अर्धा किलो हवा लागते. अर्धा किलो म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही येत नाही. बाहेरच्या साध्या दाबाच्या हवेचं माप घेतलं, तर ती २०० लिटरची दोन पिंपं भरून होते. दर सेकंदाला दोन पिंपं हवा गिळायची आणि सहा जणांत वाटायची. हे त्या अॅल्युमिनियमच्या डबड्याचं काम.

आता तो वाटेवरचा माणूस. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ, जन्म १८२१, मृत्यू १८९४. शरीरशास्त्रज्ञ, पदार्थविज्ञ, आणि तत्त्वज्ञही. कान्टचे प्रश्न प्रयोगशाळेत नेणाऱ्या पिढीतला हा अग्रणी. स्वरांच्या संवेदनेवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८६३ सालचा. एक पोकळ भांडं आणि त्याला एक मान असली, की ते ठरावीक स्वरालाच कसं घुमतं, हे त्याने मांडलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, तोच प्रकार. पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि मानेतली हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी. आज इंजिनाचे अभियंते ‘हेल्महोल्ट्झ’ हे नाव रोज घेतात. त्यांपैकी किती जणांना तो तत्त्वज्ञ होता हे ठाऊक असेल, देव जाणे.

याचा इंजिनाशी संबंध काय? इनटेक नळीतली हवा सरळ, शांतपणे वाहत नाही. झडप उघडते, पिस्टन खाली जातो, नळीत कमी दाबाची एक लाट उठते. ती कोठीच्या दिशेने धावते. नळीच्या उघड्या तोंडाशी पोचली, की ती उलटून परत येते, आणि परत येताना जास्त दाबाची लाट होऊन येते. बासरीत हेच घडतं. आता ही परतीची लाट झडप मिटण्याच्या जरा आधी पोचली, तर ती आणखी थोडी हवा आत ढकलून देते. उशिरा पोचली, तर मिटलेल्या दारावर डोकं आपटते.

आकड्यांनी बघा. कोमट हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर. नळी ३० सेंटिमीटरची असेल तर जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर, म्हणजे १.७ मिलिसेकंद. इंजिन ६००० आरपीएमवर असताना एका मिलिसेकंदात क्रँक ३६ अंश फिरतो. म्हणजे लाट परत येईपर्यंत क्रँक सुमारे ६२ अंश फिरलेला असतो. तेच ६२ अंश ४००० आरपीएमवर हवे असतील, तर नळी ४५ सेंटिमीटरची लागेल. ८००० वर हवे असतील, तर साडेबावीस. लांबी आणि वेग यांचा गुणाकार कायम राहतो. लांब नळी म्हणजे खालच्या आरपीएमला साथ, आखूड नळी म्हणजे वरच्या. बासरी लांब तर स्वर खर्जातला, आखूड तर वरचा, त्याच न्यायाने. आणि हो, लांबी मोजताना हेडच्या आतला भागही धरायचा. नळी झडपेपर्यंत असते, मॅनिफोल्डच्या बोल्टपर्यंत नसते.

हे ज्ञान रस्त्यावरच्या गाडीत सगळ्यात ठळकपणे दिसलं ते अमेरिकेत, १९६० साली. क्रायस्लर कंपनीच्या ३००-एफ या गाडीचं बोनेट उघडलं की माणूस थबकायचा. इंजिनाच्या डोक्यावरून एकमेकांना ओलांडत जाणाऱ्या लांबच लांब नळ्या, आणि कार्ब्युरेटर दोन्ही बाजूंना, पार कडेला. डावीकडचा कार्ब्युरेटर उजव्या बाजूच्या सिलिंडरांना पुरवठा करायचा आणि उजवीकडचा डाव्या. नळ्यांची लांबी ३० इंच. इंजिन ४१३ घनइंचांचं, ताकद ३७५ अश्वशक्ती, आणि टॉर्कचा कळस अवघ्या २८०० आरपीएमला. म्हणजे रोजच्या वापरातल्या वेगाला सगळा जोर.

पण याच गाडीची एक दुर्मीळ आवृत्ती होती, ४०० अश्वशक्तीची. तिचे मॅनिफोल्ड बाहेरून जवळपास तसेच दिसायचे. आत मात्र नळ्यांमधली भिंत अर्ध्या अंतरापर्यंत काढून टाकलेली असे. त्यामुळे लाटेच्या दृष्टीने नळी १५ इंचांची झाली. वरच्या आरपीएमला २५ अश्वशक्ती मिळाली आणि खालचा टॉर्क कमी झाला. मंडळी, आजच्या व्याख्यानाचं सार इथे बीजरूपाने आलेलं आहे. एकच कंपनी, एकच इंजिन, एकच वर्ष, आणि दोन मॅनिफोल्ड. यांतला चांगला कोणता? या प्रश्नाला अर्थ नाही. कशासाठी चांगला, हे आधी सांगा. अॅरिस्टॉटलने हे फार पूर्वी शिकवलं, की साधनाचं भलेपण साध्यावरून ठरतं. क्रायस्लरने तेच अॅल्युमिनियममध्ये ओतून दाखवलं.

आता दुसरा प्रवाह, टर्बोचा. स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. कल्पना साधी, पण ती पेलणारा धातू मिळायला वेळ लागला. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेलं. सपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो लावल्यावर ते ३५६ वर गेलं. टर्बोचा जन्मजात धर्म हा असा आहे. जिथे हवा कमी पडते, तिथे ती पुरी करायची. पुढे जहाजांच्या आणि ट्रकच्या डिझेल इंजिनांत तो रुळला.

रस्त्यावरच्या मोटारीत तो आला १९६२ साली. शेवरोलेची कॉर्व्हेअर माँझा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर, दोन्ही जनरल मोटर्सच्या. जेटफायरच्या इंजिनाचं आकारमान २१५ घनइंच आणि ताकदही २१५ अश्वशक्ती. पण एक अडचण होती. कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतकं जास्त होतं, त्यात टर्बोचा दाब. मग इंजिनात ठोका बसू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी. टाकी रिकामी झाली, की यंत्रणा आपोआप दाब उतरवायची. झालं काय, की लोक टाकी भरेनात. गाडीला जोर नाही अशा तक्रारी आल्या, आणि पुढे कित्येक गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला.

यात अभियंते हुशार नव्हते असं नाही. पण रस्त्यावरची गाडी म्हणजे नुसतं यंत्र नव्हे, तिच्यात तिचा मालक, त्याच्या सवयी, त्याचा आळससुद्धा धरावा लागतो. शर्यतीच्या गाडीमागे दहा माणसं उभी असतात. रस्त्यावरच्या गाडीमागे कोणी नसतं. मॅनिफोल्ड निवडताना हे वाक्य डोक्यात असू द्या.

आता हे दोन प्रवाह एकत्र आले, की वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, टर्बो हवा ढकलतोच आहे, मग नळीची लांबी, लाटा हे सगळं कशाला? दाब थोडा वाढवला की झालं. दुसरा पक्ष म्हणतो, मॅनिफोल्ड बदलल्याशिवाय गाडी जन्मालाच आली नाही. दोघांचंही अर्धं खरं आहे.

पहिल्या पक्षाला एक गोष्ट सांगायला हवी. हवेतल्या ध्वनीचा वेग दाबावर अवलंबून नसतो, तापमानावर असतो. म्हणजे कोठीतला दाब दुप्पट केला, तरी लाट त्याच वेगाने धावते. टर्बोच्या इंजिनातही लाटा आहेत आणि नळीची लांबी बोलतेच. उलट इथे गुणाकार होतो. एखाद्या आरपीएमला लाटेमुळे समजा पाच टक्के हवा जास्त मिळत असेल, तर ती दाबलेल्या हवेच्या पाच टक्के असते.

पण पहिला पक्ष हे म्हणतो ते खरं, की कमाल ताकदीपुरतं बोलायचं तर हे पाच टक्के दुसरीकडून मिळवता येतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला लाट हीच काय ती वरकमाई. टर्बोच्या इंजिनाचा मालक दाबाचा काटा थोडा वर नेतो. म्हणून टर्बोगाडीत मॅनिफोल्डचं खरं काम कमाल आकडा वाढवण्याचं नाहीच. त्याची कामं दोन : टर्बो जागा होईपर्यंत इंजिनाला साथ देणं, आणि सगळ्या सिलिंडरांना सारखं वाटणं. या दोन कामांकडेच आपल्याला नीट बघायचं आहे.

पहिलं काम समजायला जपानकडे जाऊ. १९८९ साली निस्सानची स्कायलाइन जीटी-आर आली, तिच्यात आरबी-२६ हे इंजिन. आकारमान २५६८ घनसेंटिमीटर, दोन टर्बो, आणि सहा सिलिंडरांना सहा स्वतंत्र थ्रॉटल. हे विचित्र आकारमान का? कारण ग्रुप-ए शर्यतींचा नियम. टर्बो असेल तर आकारमानाला १.७ ने गुणायचं, आणि त्यावरून वर्ग ठरवायचा. साडेचार लिटरच्या वर्गात बसेल असं इंजिन त्यांनी मापून घडवलं. सहा थ्रॉटल कशासाठी? थ्रॉटल झडपेजवळ असला, की पायाने दाबताक्षणी इंजिन उत्तर देतं. वळणातून बाहेर पडताना हा क्षण मोलाचा. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत या गाडीने १९९० ते १९९३ या काळात २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या.

आणि दुसरीकडे टोयोटाचं टू-जे-झेड, जे १९९३ च्या सुप्रामुळे जगाला माहीत झालं. तीन लिटर, सहा सिलिंडर, ८६ मिलिमीटरचा बोअर आणि तितकाच स्ट्रोक. हिला एकच थ्रॉटल, एकच कोठी. दोन टर्बो, पण पाळीने चालणारे : खालच्या वेगाला एक, वर गेल्यावर दोन्ही. टोयोटाने चपळाई मॅनिफोल्डकडून न मागता टर्बोच्या मांडणीतून मिळवली. दोन्ही गाड्या जपानमध्ये २८० अश्वशक्तीच्याच म्हणून विकल्या गेल्या, कारण तिथल्या कंपन्यांनी आपसांत तेवढीच मर्यादा पाळायचं ठरवलं होतं. ती मर्यादा २००४ साली सुटली.

पुढे मात्र गंमत झाली. हौशी लोकांनी या दोन्ही इंजिनांचे छोटे टर्बो काढून एकेक मोठा टर्बो बसवला, आणि ताकद दुप्पट-अडीचपट केली. म्हणजे मूळ मॅनिफोल्ड ज्या हेतूसाठी होता, तो हेतूच बदलला. आरबीवाल्यांपैकी अनेकांनी सहा थ्रॉटल काढून एकच मोठा थ्रॉटल आणि मोठी कोठी बसवली. सहा थ्रॉटलांचा ताळमेळ ठेवणं हे रोजचं काम असतं. आणि टू-जे-झेडवाल्यांनी ड्रॅग शर्यतीतला आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड उचलला. ड्रॅग शर्यत म्हणजे पाव मैल सरळ धावणं. तिथे इंजिन सतत वरच्या आरपीएमला असतं, गिअर बदलला तरी ते ६००० च्या खाली फारसं येत नाही. त्या जगात आखूड नळी हेच शहाणपण.

रस्त्यावर काय होतं बघा. रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ २००० ते ४५०० आरपीएमवर असतं. मोठा टर्बो तिथे अजून झोपलेला असतो. त्याला जागं करायला धूर हवा, धुरासाठी आधी हवा आत यायला हवी, आणि ती टर्बोविना येते, म्हणजे नळीच्या लाटेच्या भरवशावर. लांब नळी इथे थोडी जास्त हवा भरते, धूर थोडा जास्त निघतो, टर्बो थोडा आधी जागा होतो. आखूड नळी बसवली, की हे जागं होणं आणखी पुढे सरकतं. मोठ्या टर्बोने आधीच उशीर केलेला, त्यात मॅनिफोल्डने भर घातली. अशा गाडीचा मालक कागदावर ७०० अश्वशक्ती बाळगतो आणि सिग्नलवरून निघताना साध्या गाडीच्याही मागे राहतो.

कोठीच्या आकाराबद्दल मात्र एक भीती अवास्तव आहे. मोठी कोठी भरायला वेळ लागतो, म्हणून गाडी मंद होते, असं म्हणतात. ढोबळ हिशोब करू. तीन लिटरचं इंजिन ४००० आरपीएमला दर सेकंदाला १०० लिटर हवा ओढतं. कोठी तीन लिटरने मोठी केली, तर तो फरक भरून काढायला शंभरातले तीन भाग, म्हणजे सेकंदाचा तेहतिसावा हिस्सा. टर्बोचं चक्र वेग घ्यायला याच्या कितीतरी पट वेळ घेतं. तेव्हा दोष आखूड नळीचा असतो आणि आळ कोठीवर येतो. कारणमीमांसा करताना माणसं जे डोळ्यांना मोठं दिसतं त्यालाच कारण ठरवतात, त्याचा हा नमुना.

आता दुसरं काम, वाटपाचं. माझ्या मते सगळ्यात गंभीर प्रश्न हाच.

थ्रॉटल कोठीच्या एका टोकाला असेल, तर हवा वेगाने आत शिरते आणि पहिल्या नळीचं तोंड ओलांडून शेवटाकडे धावते. शेवटच्या भिंतीशी तिचा वेग दाबात बदलतो. परिणामी काही सिलिंडरांना हवा जास्त, काहींना कमी. समजा सहापैकी एकाला पाच टक्के जास्त मिळाली आणि बाकी पाच जणांना प्रत्येकी एक टक्का कमी. इंजेक्टर सगळ्यांना सारखंच पेट्रोल देतो. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण ११.५ ठेवायचं आपण ठरवलेलं. त्या एका सिलिंडरात ते १२.१ होतं. शिवाय तिथे हवा जास्त, म्हणजे दाब जास्त, उष्णता जास्त. ठोका पहिल्यांदा तिथेच बसतो. पिस्टन वितळतो तो तिथेच.

आणि मालकाला हे कळतं का? नाही. कारण त्याचा ऑक्सिजन सेन्सर सहा जणांचा धूर एकत्र झाल्यावर, पुढच्या पाइपात बसलेला असतो. तो सरासरी सांगतो. सरासरी ११.५, अगदी ठरवल्याबरहुकूम! काटा जागेवर, लॅपटॉपवरचा आलेख सुरेख, आणि आत एक जण मरणाच्या दारात. मंडळी, सरासरी ही खोटं बोलत नाही, पण ती कोणाबद्दलच बोलत नाही. सरासरी सिलिंडर नावाचा सिलिंडर त्या इंजिनात कुठेही नाही. गावाचं सरासरी उत्पन्न सांगून गावातल्या उपाशी घराबद्दल काही कळत नाही, तसंच हे.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात एक कसोटी मांडली. समाजातल्या विषमतेचं समर्थन करायचं असेल, तर तिने सगळ्यात तळाच्या माणसाची स्थिती सुधारली पाहिजे. समाजाच्या बाबतीत ही कसोटी मान्य करावी की नाही, यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. इंजिनाच्या बाबतीत मात्र वादच नाही. इंजिन किती दाब सोसेल, हे त्यातला सगळ्यात अडचणीतला सिलिंडर ठरवतो. मॅनिफोल्डची परीक्षा त्याच सिलिंडरावरून करायची. वीस अश्वशक्ती कमी देणारा पण सारखं वाटणारा मॅनिफोल्ड हा रस्त्यासाठी जास्त ताकदवान मॅनिफोल्ड आहे, कारण त्याच्यावर दाब निर्धास्तपणे वाढवता येतो.

सारखं वाटण्यासाठी काय बघायचं? कोठी थ्रॉटलपासून दूर जाताना निमुळती होत जाते का. नळीचं कोठीतलं तोंड कर्ण्यासारखं पसरट, गोल कडांचं आहे का. चौकोनी धारदार कड हवा फाडते. थ्रॉटलसमोरच पहिली नळी येत नाही ना. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : सहाही सिलिंडरांच्या धुराचं तापमान वेगवेगळं मोजलं आहे का? त्याने कमाल अश्वशक्तीचा कागद पुढे केला, तर समजा की मोजलेलं नाही.

आता तिसरी बाब, मजबुतीची. पत्रा वेल्ड करून केलेल्या कोठीची एखादी भिंत सपाट असते. ३० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद धरा. वातावरणापेक्षा दीड बार जास्त दाब आत असेल, तर त्या एका भिंतीवर सुमारे ४५० किलोंचा भार पडतो. आणि हा भार दिवसातून शेकडो वेळा येतो आणि जातो. पातळ सपाट पत्रा फुगतो, दबतो, आणि एक दिवस वेल्डच्या कडेने चिरतो. ओतीव मॅनिफोल्ड जड असतो, दिसायला सामान्य असतो, पण त्याचे गोल कोपरे हा भार पिढ्यान् पिढ्या सोसतात. प्लॅस्टिकचे मॅनिफोल्ड हलके आणि थंड राहणारे. पण ते कंपनीने ठरवलेल्या दाबासाठी असतात. तिप्पट दाबाची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये.

चौथी बाब लोक विसरतातच. मॅनिफोल्ड फक्त इंजिनाला हवा देत नाही, ब्रेकला निर्वातही देतो. ब्रेकचं पेडल पायाला हलकं लागतं, ते मॅनिफोल्डमधल्या कमी दाबाच्या जोरावर. सहा थ्रॉटलांच्या मांडणीत प्रत्येक नळीतून बारीक जोड काढून ते एका जागी गोळा करावे लागतात. ते नीट केलं नाही, तर ऐन वेळी पेडल दगडासारखं लागतं. सातशे अश्वशक्तीची गाडी, समोर रस्ता ओलांडणारं मूल, आणि पेडल दबत नाही. इथे प्रश्न हौसेचा उरत नाही. तसंच, गाडी आयडलला स्थिर राहील अशी हवेची वाट, इंजिनाच्या पोटातली वाफ परत घेणारी नळी, सेन्सरच्या जागा, हे सगळं शर्यतीच्या मॅनिफोल्डवर बहुधा नसतंच. तिथे त्याची गरज नसते.

इतिहासातला शेवटचा टप्पा सांगतो, कारण तो आपली सगळी गृहीतकं हलवून जातो. २००७ साली पोर्शे कंपनीने ९११ जीटी-२ ही ५३० अश्वशक्तीची रस्त्यावरची टर्बोगाडी आणली. तिच्या मॅनिफोल्डमध्ये त्यांनी लाटेचा उपयोग उलटा केला. इतकी वर्षं सगळे झटत होते, ती लाट जास्त दाबाने झडपेशी पोचावी म्हणून. पण दाबली गेलेली हवा तापते, आणि तापलेली हवा ठोक्याला निमंत्रण देते. पोर्शेने नळ्यांची मापं अशी ठेवली, की हवा सिलिंडरात शिरतानाच्या क्षणी ती प्रसरण पावलेली आणि म्हणून थंड असावी. त्यामुळे हवा थोडी कमी भरते खरी, पण ती तूट टर्बोचा दाब वाढवून भरून काढायची. थंड हवेमुळे ठिणगी योग्य वेळी देता येते आणि पेट्रोलही कमी जळतं. शंभर वर्षं ज्याला दोष म्हटलं, तो साध्य बदलल्यावर गुण ठरला. हेल्महोल्ट्झचं भौतिकशास्त्र तेच राहिलं. प्रश्न विचारणारा बदलला.

मग आपल्या तीन लिटरच्या गाडीचं काय? या सगळ्या इतिहासातून निवडीचा एक क्रम निघतो. आधी लिहून काढा, की ही गाडी कुठल्या आरपीएममध्ये जगणार आहे. कमाल आकडा शेवटी लिहा. टर्बो किती आरपीएमला जागा होतो ते बघा. इंजिन ७००० च्या आसपासच थांबणार असेल, तर मध्यम लांबीच्या नळ्या सोडू नका, आणि मूळचा ओतीव मॅनिफोल्ड बदलण्याआधी इंटरकूलर, इंजेक्टर, इंधनपंप यांवर पैसे खर्च करा. मूळ मॅनिफोल्ड खरोखर वाट अडवतो का, हे थ्रॉटलच्या आधीचा आणि कोठीतला दाब, प्रत्येक सिलिंडराच्या धुराचं तापमान असं मोजून ठरवा. ८००० च्या पुढे जाणारं इंजिन बांधलं असेल, तर आखूड नळी घ्या, पण खालचा टॉर्क आपण दिला आहे, हे समजून घ्या. आणि सहा थ्रॉटल घ्यायचे असतील, तर ते सांभाळायची तयारी ठेवून घ्या.

आपल्याकडे ऐकणाऱ्या तरुणांसाठी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा असं इंजिन बांधायची हौस असेल, तर तिची जागा शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर. हा अडथळा म्हणून सांगत नाही. रस्ता हाही एक मॅनिफोल्डच आहे. एकच वाट, आणि तिच्यावर चालणारे, सायकलवाले, रिक्षा, शाळेची मुलं, असे अनेक. तिथेही कसोटी तीच : सगळ्यात अडचणीत असलेल्याचं काय होतं?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त ‘सर, सगळ्यात चांगला मॅनिफोल्ड कोणता’ हा एक प्रश्न सोडून. तो विचारायचाच असेल, तर त्याच्या आधी ‘कशासाठी’ एवढा एक शब्द जोडा, मग बोलू.